नीलाविकार व हृद्‌रोहिणी शस्त्रक्रिया

शरीरातील ऊतकांकडून हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्यांना नीला म्हणतात. पायांच्या त्वचेलगतच्या नीला कायमच्या फुगून, लांबून वेड्यावाकड्या होतात, तेव्हा त्या विकाराला अपस्फीत नीला असे नाव आहे. बोलीभाषेत ‘पायाच्या नसा फुगल्या’ असे म्हणतात. हा विकार बहुधा ज्या नीलेत आढळतो ती दीर्घ सॅफिनस नीला घोट्याच्या आतील बाजूच्या हाडापुढे सुरू होऊन पोटरी व मांडीच्या आतल्या अंगाने वर चढते आणि जांघेत ऊरुनीलेस (मांडीतील मुख्य खोल नीलेस) मिळते. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या हृद्‌रोहिणी अरुंद झाल्या असता त्यांना पर्यायी मार्ग करून देण्यासाठी (बायपास शस्त्रक्रियेसाठी) शस्त्रक्रियाविशारद अनेकदा नेमकी हीच नीला काढून घेतात. त्यामुळे पायाच्या नीलेवरील उपचार आणि हृदयावरील शस्त्रक्रियेचे यश हे वरकरणी दूरचे वाटणारे दोन विषय एका वाहिनीपाशी येऊन मिळतात. पाय दुखतो म्हणून काढून टाकलेली नीला पुढे हृदयासाठी मिळत नाही.

रचना व कार्य : नीलांच्या आत थोड्या थोड्या अंतरावर द्विदली झडपा असतात. त्या रक्ताला फक्त हृदयाच्या दिशेने जाऊ देतात. पादुआ येथील शारीरविज्ञ फाब्रीत्स्युस यांनी १६०३ मध्ये या झडपांचे सविस्तर वर्णन केले. परंतु त्यांचा खरा अर्थ त्यांचे शिष्य विल्यम हार्वी यांनी लावला. दंडाला पट्टी बांधून, फुगलेल्या नीलेवर बोट फिरवून रक्त एकाच दिशेने सरकते हे त्यांनी दाखविले आणि १६२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रक्ताभिसरणाच्या सिद्धांतात हा पुरावा वापरला. हा प्रयोग कोणालाही स्वतःच्या हातावर करून पाहता येतो.

मनुष्य स्तब्ध उभा असताना घोट्याजवळच्या नीलांतील दाब पाऱ्याच्या सु. ८०–९० मिमी. इतका असतो. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावून खोल नीलांतील रक्त वर ढकलतात आणि हा दाब ३० मिमी.च्या आसपास उतरतो. म्हणूनच पोटरीला ‘पायातील हृदय’ म्हटले जाते. झडपा निकामी झाल्या म्हणजे वर गेलेले रक्त पुन्हा खाली घसरते, चालूनही दाब पुरेसा उतरत नाही, केशवाहिन्यांतून द्रव व तांबड्या कोशिका ऊतकांत झिरपतात, त्वचा काळवंडते व कडक होते आणि अखेरीस घोट्याच्या आतील बाजूस न भरणारा व्रण पडतो. पायातील बहुतेक सर्व रक्त (सु. ९०%) खोल नीलांमधून परत जाते. खोल नीला खुल्या असतील, तर त्वचेलगतची विकृत नीला काढली किंवा बंद केली तरी पायाचे अभिसरण अडत नाही. नीलेवरील सर्व शस्त्रक्रिया आणि हृदयासाठी नीला काढून घेणे, दोन्ही या एकाच गोष्टीवर अवलंबून आहेत.

कारणे : आनुवंशिकता, वाढते वय, वारंवार येणारी गरोदरपणे, स्थूलता आणि दीर्घकाळ उभे राहण्याचा व्यवसाय ही प्रमुख कारणे होत. सुश्रुतसंहितेत सिराज ग्रंथीचे वर्णन आले असून, दुर्बळ मनुष्याने अतिश्रम केल्याने ती उद्‌भवते असे कारण दिले आहे. श्रमाशी जोडलेला हा संबंध लक्षणीय आहे. वेचणीच्या हंगामात दिवसभर कपाशीच्या ओळींत वाकून उभी राहणारी स्त्री, सरकी काढण्याच्या कारखान्यातील मजूर, उपाहारगृहातील आचारी, वाहतूक पोलीस व शिक्षक यांच्या पायांवर एकाच प्रकारचा भार येतो. उष्णतेने त्वचेलगतच्या नीला विस्फारतात. अकोल्याचे तापमान मे महिन्यात ४५° से.पलीकडे जाते हे लक्षात घेता, उन्हाळ्यात पाय जड होण्याची तक्रार का वाढते ते समजते.

वऱ्हाडातील निदानाचे प्रश्न : अमरावती, अकोला व शेजारच्या जिल्ह्यांत सुजलेला पाय किंवा घोट्याजवळचा व्रण पाहताच तो नीलाविकार आहे असे मानता येत नाही. हत्तीरोगाचा (श्लीपदाचा) प्रादुर्भाव असलेल्या महाराष्ट्रातील जिल्ह्यांत अमरावती व अकोला यांचा समावेश होतो. हत्तीरोगात लसीका वाहिन्या निकामी होऊन सूज येते. सुरुवातीला ती बोटाने दाबली असता खड्डा पडतो आणि नीलाविकाराच्या सुजेसारखीच दिसते. क्यूलेक्स जातीच्या डासांमार्फत पसरणाऱ्या या कृमींची पिल्ले परिसरीय रक्तात मुख्यत्वे रात्री येतात. म्हणून रक्ताचा नमुना रात्री घेण्याची पद्धत पडली. एकाच पायात दोन्ही विकार असणेही शक्य असते आणि अशा पायातील नीला काढल्याने सूज जात नाही. रुग्णाची निराशा मात्र होते.

दुसरा प्रश्न दात्र-कोशिका पांडुरोगाचा (सिकलसेलचा) आहे. या आनुवंशिक विकारात रक्तारुणातील (हीमोग्लोबिनातील) दोषामुळे ऑक्सिजन कमी पडताच तांबड्या कोशिका विळ्याच्या आकाराच्या होतात व सूक्ष्म वाहिन्या तुंबवितात. मध्य भारतातील या जनुकाच्या आढळाविषयी शुक्ल व सोळंकी यांचा निबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विदर्भातील गोंड, माडिया, परधान इ. जमातींत व काही अनुसूचित जातींत त्याचे प्रमाण अधिक असल्याचे पुढील पाहण्यांत दिसून आले. जगात इतरत्र, विशेषतः जमेकात, या रुग्णांमध्ये घोट्याजवळचे व्रण पुष्कळ आढळतात. भारतीय रुग्णांमध्ये गर्भावस्थेतील रक्तारुणाचे प्रमाण जास्त टिकून राहत असल्याने असे व्रण तुलनेने विरळ आहेत, पण अज्ञात नाहीत. शिवाय खोल नीलांत रक्ताची गुठळी होण्याचा (अंतर्क्लथनाचा) धोका या रुग्णांना अधिक असतो. तरुण रुग्णाच्या घोट्यावर व्रण असेल आणि नीला फुगलेल्या नसतील, तर रक्ताची ही तपासणी करणे आवश्यक ठरते. हृदयावरील शस्त्रक्रियेच्या संदर्भात या विकाराचा विचार पुढे पुन्हा करावा लागेल.

तपासणी : फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ख यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी साधी आहे. रुग्णाला आडवे निजवून पाय वर उचलतात, नीला रिकाम्या झाल्यावर मांडीला पट्टा बांधतात व रुग्णास उभे करतात. पट्टा सोडताच नीला वरून झपाट्याने भरली, तर जांघेतील झडप निकामी आहे असे समजते. कोणत्याही खेड्यातील दवाखान्यात ही चाचणी करता येते व ती आजही निरुपयोगी झालेली नाही. मात्र शस्त्रक्रियेचा निर्णय तिच्यावर घेणे आता योग्य मानले जात नाही. १९८० नंतरच्या काळात डॉप्लर व प्रतिमा या दोहोंचा मेळ घालणारी श्राव्यातीत ध्वनितपासणी (सोनोग्राफी) प्रचारात आली. तिच्यामुळे कोणती झडप गळते, खोल नीला खुल्या आहेत की गुठळीने बंद आहेत आणि मुख्य खोडाचा व्यास किती, हे त्वचेला छेद न देता कळू लागले. अनेक रुग्णांत फुगलेल्या दिसतात त्या केवळ फांद्या असतात व मुख्य खोड निरोगी असते, हेही या तपासणीतूनच उघड झाले.

नीलाविकारांवरील उपचार : ट्रेंडेलेनबुर्ख यांनी १८९० च्या सुमारास दीर्घ सॅफिनस नीला मांडीत बांधण्याची शस्त्रक्रिया वर्णन केली. १९०७ मध्ये अमेरिकेतील बॅबकॉक यांनी नीलेत लवचिक सळई घालून ती संपूर्ण ओढून काढण्याची रीत सुरू केली आणि जवळजवळ शतकभर तीच प्रमाण पद्धती राहिली. तिच्यासाठी भूल द्यावी लागते, मांडीत रक्त साकळते आणि रुग्ण काही आठवडे कामावर जाऊ शकत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाने हे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढले तर त्यात नवल नाही. नीलेत क्षोभकारक द्रव टोचून ती बंद करण्याचा उपायही जुना असून, १९९० नंतर त्या द्रवाचा फेस करून वापरण्यास सुरुवात झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस नीलेत बारीक तार घालून लेसर किरणांनी अथवा रेडिओ कंप्रतेच्या विद्युत् प्रवाहाने तिचा अंतःस्तर भाजून ती जागच्या जागी बंद करण्याची तंत्रे आली. ही क्रिया केवळ जागा बधिर करून करता येते व रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो.

या पद्धतींची तुलना करणाऱ्या चाचण्यांपैकी ब्रिटनमधील ७९८ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर लेसर व शस्त्रक्रिया यांत रुग्णाच्या सुस्थितीच्या दृष्टीने फारसा फरक नव्हता, लेसरनंतर उपद्रव कमी होते आणि फेसाचा परिणाम किंचित उणा ठरला. व्रणांविषयीचे संशोधन अधिक महत्त्वाचे आहे. २००४ मधील एका चाचणीत केवळ दाबपट्टी बांधलेल्या रुग्णांपैकी २८ टक्क्यांना वर्षभरात व्रण पुन्हा झाला, तर पट्टीबरोबर नीलेवर शस्त्रक्रियाही केलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४५० रुग्णांवरील चाचणीत, व्रण भरण्याची वाट न पाहता दोन आठवड्यांच्या आत नीला बंद केली असता व्रण भरण्याचा मध्यक काळ ८२ दिवसांवरून ५६ दिवसांवर आला. ‘आधी जखम भरू द्या, मग नसेचे पाहू’ हा प्रचलित सल्ला त्यामुळे मागे पडला.

या सर्व चाचण्या थंड हवामानाच्या देशांतील आहेत. त्यांत दोन्ही गटांना दाबपट्टी होतीच. चार थरांची पट्टी वैशाखातील वऱ्हाडात अहोरात्र पायावर ठेवणे रुग्णाला असह्य होते. तो ती सोडून ठेवतो आणि व्रण चिघळतो. अशा ठिकाणी नीला लवकर बंद करण्याच्या बाजूचा युक्तिवाद अधिकच बळकट होतो. परंतु ‘लवकर’ याचा अर्थ ‘न तपासता’ असा नव्हे. फ्रान्समधील फ्रांचेस्की यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत सॅफिनस नीलेचे खोड जागेवर ठेवून केवळ गळतीची ठिकाणे बांधतात. ती कौशल्यावर फार अवलंबून असल्याने सर्वत्र रुजली नाही. तिच्यामागील विचार मात्र, म्हणजे निरोगी खोड विनाकारण नष्ट करू नये हा, हृदयविकाराचे वाढते प्रमाण पाहता दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

हृदयासाठी नीलेचा उपयोग : रक्तवाहिन्या सुईदोऱ्याने जोडण्याचे व नीलेचा तुकडा रोहिणीत बसविण्याचे तंत्र फ्रेंच शास्त्रज्ञ आलेक्सी कारेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्राण्यांवर सिद्ध केले; त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अर्जेंटिनाचे रेने फाव्हालोरो यांनी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे १९६७ मध्ये सॅफिनस नीलेने हृद्‌रोहिणीला उपमार्ग देण्याची पद्धती रूढ केली. भारतात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयाच्या प्रतिरोपणाचा प्रयत्न केला होता; पण हृद्‌रोहिणी उपमार्गाची देशातील पहिली शस्त्रक्रिया १९७५ मध्ये मद्रास (आता चेन्नई) येथे के. एम. चेरियन यांनी केली.

या शस्त्रक्रियेत काढलेली नीला उलटी करून बसवावी लागते, अन्यथा तिच्यातील झडपा महारोहिणीकडून येणारे रक्त अडवतील. अल्पदाबासाठी घडलेल्या या नलिकेवर अकस्मात रोहिणीतील दाब पडतो. पहिल्या महिन्यात तिच्यात गुठळी होण्याची भीती असते, पुढील काही महिन्यांत तिचा अंतःस्तर जाड होतो आणि काही वर्षांनी मूळ रोहिणीप्रमाणेच तिच्यातही मेदाचे लेप बसतात. दहा वर्षांत सुमारे निम्म्या नीला बंद वा अत्यंत अरुंद होतात, असा दीर्घकाळचा अनुभव आहे. याउलट छातीच्या आतील बाजूने जाणारी डावी रोहिणी वापरल्यास ती दहा वर्षांनंतरही बहुसंख्य रुग्णांत खुली राहते व आयुर्मान वाढते, हे १९८६ मध्ये क्लीव्हलंडच्या संशोधकांनी दाखवून दिले. तेव्हापासून मुख्य शाखेला ही रोहिणी व इतर शाखांना नीला, अशी विभागणी सर्वमान्य झाली. हातातील बहिःप्रकोष्ठ (मनगटाकडे जाणारी) रोहिणी नीलेऐवजी वापरणे अधिक हितावह ठरते, असे सहा चाचण्यांतील १,०३६ रुग्णांच्या एकत्रित अभ्यासावरून २०१८ मध्ये दिसून आले. तरीही भारतीय रुग्णांत मधुमेह अधिक असल्याने एकाच वेळी तीन-चार शाखा बाधित असतात व नीलेवाचून भागत नाही.

बसविलेली नीला टिकविण्याचे सर्वांत महत्त्वाकांक्षी संशोधन अयशस्वी ठरले, तरी ते बोधप्रद होते. नीला बसविण्यापूर्वी एका विशिष्ट न्यूक्लिइक अम्लाच्या द्रावणात ठेवल्यास तिचा अंतःस्तर जाड होणार नाही, या कल्पनेवर अमेरिकेत ३,०१४ रुग्णांवर चाचणी करण्यात आली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषधाचा काहीच उपयोग झाला नव्हता. परंतु दीड वर्षाच्या आत तपासलेल्या रुग्णांपैकी सु. ४५ टक्क्यांमध्ये निदान एक नीला निकामी झाली होती. हा आकडा अपेक्षेहून मोठा होता. त्याच सामग्रीच्या फेरतपासणीत, लहान छेदातून दुर्बिणीच्या साहाय्याने काढलेल्या नीला अधिक प्रमाणात बंद पडल्याचे २००९ मध्ये आढळले. मात्र २०१९ मधील १,१५० रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीत, अनुभवी हातांनी नीला काढली असता दोन्ही रीतींत गंभीर घटनांचे प्रमाण सारखेच राहिले आणि दुर्बिणीच्या पद्धतीत पायाची जखम कमी चिघळली. तेव्हा दोष उपकरणापेक्षा हाताळणीकडे अधिक जातो.

हाताळणीचा विचार स्वीडनमधील अरेब्रू येथे डोमिंगोश सोझा यांनी सर्वांत पुढे नेला. प्रचलित रीतीत नीलेभोवतीची चरबी सोलून काढतात, तिला येणारा आचका घालविण्यासाठी पिचकारीने लवणद्रव भरून फुगवितात आणि त्यात नाजूक अंतःस्तर फाटतो. सोझा यांनी १९९६ मध्ये नीला भोवतालच्या चरबीसह, न फुगविता काढण्याची पद्धत मांडली. सोळा वर्षांनंतर अशा नीलांपैकी ८३ टक्के खुल्या होत्या, तर जुन्या रीतीच्या ६४ टक्के. चीनमधील २,६५५ रुग्णांच्या चाचणीतही (२०२१) तीन महिन्यांनंतर बंद पडलेल्या नीलांचे प्रमाण ४.८ वरून २.८ टक्क्यांवर आले. पुढे स्वीडनमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र निर्णायक लाभ दिसला नाही आणि पायाच्या जखमेचे उपद्रव वाढले. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत हा दुसरा भाग हलका मानता येत नाही. वादातीत उपाय साधे आहेत : शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही तासांतच ॲस्पिरीन सुरू करणे, कोलेस्टेरॉल चांगलेच खाली ठेवणे व धूम्रपान सोडणे.

दात्र-कोशिकांचा धोका : हृदय-फुप्फुस यंत्रावर रुग्णाचे शरीर थंड केले जाते, रक्ताभिसरण मंदावते व आम्लता वाढू शकते. कोशिका विळ्यासारख्या होण्यास हीच परिस्थिती अनुकूल असते. त्यामुळे सांधेवाताने खराब झालेली झडप बदलण्याची असो वा उपमार्ग देण्याची, विदर्भातील रुग्णाच्या रक्ताची चाचणी शस्त्रक्रियेपूर्वी होणे अगत्याचे आहे. दोन्ही जनुके सदोष असलेल्या रुग्णाचे रक्त आधी अंशतः बदलून सदोष रक्तारुण ३० टक्क्यांखाली आणतात, शरीराचे तापमान शक्यतो उतरू देत नाहीत व ऑक्सिजनाची पातळी काटेकोरपणे राखतात. केवळ वाहक असलेल्या व्यक्तीला एवढ्याच दक्षतेने शस्त्रक्रिया बहुधा सोसते. विद्राव्यता चाचणी ही स्वस्त व काही मिनिटांत होणारी असल्याने ती टाळण्यास सबळ कारण उरत नाही.

उपचारांची सोय : अमरावती येथे श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये, तर अकोला येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी वऱ्हाडातील गंभीर रुग्णाला नागपूर (शासकीय महाविद्यालय, १९४७) किंवा सेवाग्राम (१९६९) गाठावे लागे. अमरावतीहून नागपूर सु. १५० किमी., तर अकोल्याहून सु. २५० किमी. आहे. खर्चाचा अडसर अंतराहूनही मोठा होता. राज्य शासनाने १९९७ मध्ये जीवनदायी योजनेखाली हृदयविकारासाठी साहाय्य सुरू केले. २ जुलै २०१२ रोजी ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या विस्तारित स्वरूपात ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम लागू झाली, त्यांत अमरावती हा एक होता; अकोल्यासह उर्वरित जिल्हे २०१३ मध्ये समाविष्ट झाले व २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले.

उपमार्ग शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या रुग्णाच्या दोन्ही पायांची श्राव्यातीत तपासणी करून नीलेचा मार्ग त्वचेवर रेखून ठेवतात. खोड फुगलेले, गाठाळ वा पूर्वीच काढलेले असल्यास पोटरीच्या मागील लघू सॅफिनस नीला, हाताची नीला किंवा रोहिणी निवडावी लागते. ज्या पायातून नीला काढली त्याला काही आठवडे सूज राहते. बसताना पाय उंचावर ठेवणे, घोटा वारंवार हलविणे, लवचिक मोजा सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी चढविणे आणि टाके भरेपर्यंत ओल्या शेतात अनवाणी न जाणे, एवढी काळजी घेतल्यास बहुतेक रुग्णांची सूज दोन-तीन महिन्यांत ओसरते.